इंद्रायणीकाठी हिंडताना पाठीवर काय असावे?

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते आणि मळवली, कामशेत, तळेगाव अशी लोहमार्गाच्या सोबतीने पूर्वेकडे उतरत देहू-आळंदीला जाते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्या पाण्याने चार महिने गढूळ होऊन धावणारी ही नदी दिवाळीनंतर निवळते. काठचे भात कापलेले असते, खाचरांचे बांध वाळू लागलेले असतात आणि खडकांच्या आडोशाला डोह स्थिरावलेले असतात. मावळात पायी हिंडण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत.

या दिवसांत पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये घडीची काठी हाती घेतलेला एखादा पिकल्या केसांचा प्रवासी हमखास दिसतो. गळ टाकून मासे धरण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत एकाच जागी ठाण मांडून बसायचे असते. दुसरीत एका डोहावर अर्धा तास गळ टाकून पाहायचा आणि मग काठाकाठाने पुढच्या डोहाकडे निघायचे. ज्येष्ठांच्या प्रकृतीला ही दुसरी रीत अधिक मानवते. तीत गुडघे आखडून तासन्‌तास बसणे नाही. थोडे चालणे, थोडे थांबणे आणि मनाची एकाग्रता, हे तिन्ही सहज साधते. मात्र या रीतीत सारे सामान सतत अंगावर वागवावे लागते. म्हणून किती चालता येईल, हे पायांइतकेच पाठीवरच्या पिशवीवरही अवलंबून असते.

एका खांद्याची पिशवी का नको?

जुन्या पिढीला शबनम किंवा कापडी पिशवी जवळची वाटते. बाजारहाटासाठी ती उत्तमच आहे. नदीकाठी मात्र तिचा दोष उघडा पडतो. भार एका खांद्यावर आला की तो खांदा वर उचलला जातो, कणा दुसऱ्या बाजूस झुकतो आणि तासाभरात मान व कंबर दुखू लागते. याहून मोठा धोका वाकताना असतो. मासा काठाशी ओढताना माणूस पुढे झुकतो, त्याच क्षणी पिशवी खांद्यावरून घसरून पुढे झोकांडते आणि शेवाळलेल्या खडकावर तोल जातो. मावळातला काळा कातळ कोरडा असताना पायाला घट्ट धरतो. ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशी एकच घसरण मांडीचे हाड मोडायला पुरेशी ठरते आणि मग महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते.

पाण्यात उभे राहून पागर फेकणारे लोक पिशवी कमरेला बांधतात, कारण त्यांना दोन्ही हात मोकळे हवे असतात. आपणही हाच नियम धरावा. एका हातात गळाची काठी, दुसऱ्या हातात आधाराची काठी आणि भार दोन्ही खांद्यांवर सारखा वाटलेला, अशी रचना हवी. त्यासाठी दोन पट्ट्यांची लहान सॅक सर्वांत योग्य. तिचे पट्टे रुंद आणि मऊ अस्तराचे असावेत, तळ कमरेपाशी यावा, त्याखाली लोंबू नये. कमरेचा पट्टा असल्यास खांद्यांवरचा बराच भार नितंबांच्या हाडांवर उतरतो. पाठीला बाक आलेल्या व्यक्तीला त्याचा विशेष आराम मिळतो.

वजनाचा हिशेब

शाळकरी मुलांच्या दप्तराबाबत शरीराच्या वजनाच्या एकदशांशाची मर्यादा घालून दिलेली आहे. साठी-सत्तरीतल्या व्यक्तीने त्याहून बरेच खाली राहावे. साठ किलो वजनाच्या माणसाला साडेतीन किलोंपर्यंतचे ओझे अर्ध्या दिवसासाठी पुरे. एवढ्यात सारे बसते का, हे घरच्या वजनकाट्यावर पाहता येते. रिकामी सॅक ६०० ग्रॅम, एक लिटर पाणी बाटलीसह ११५० ग्रॅम, पोळी-भाजीचा डबा ४०० ग्रॅम, औषधे व मलमपट्टी २५० ग्रॅम, रेनकोट किंवा विंडचीटर ३०० ग्रॅम, रीळ ३०० ग्रॅम, गळ-शिसे-तंगुसाची डबी २५० ग्रॅम आणि आमिष १५० ग्रॅम, म्हणजे एकूण ३ किलो ४०० ग्रॅम. घडीचे स्टूल घेतले की साधारण एक किलो वाढतो. ते हवेच असेल, तर मार्ग तेवढा आखूड करावा.

एवढ्या सामानाला १५ ते २० लिटरची सॅक पुरते. मोठी सॅक घेऊ नये, कारण रिकामी जागा दिसली की हात तीत काहीतरी भरतोच. पाण्याची बाटली व डबा या जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवाव्यात. त्या बाहेरच्या बाजूस गेल्या की भार मागे खेचतो आणि माणूस तो सावरण्यासाठी पुढे वाकून चालतो.

मासे घरी आणायचे नसतील, तर पिशवी आणखी हलकी होते. महसीरच्या बाबतीत हे आवर्जून सांगायला हवे. या माशाच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. लोणावळ्यात वळवण येथील टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली जात आहेत. गळाला लागलेला महसीर ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडणे हेच शहाणपणाचे. देहूच्या डोहातील मासे तर भाविकांच्या श्रद्धेचे. तिथे गळ टाकूच नये. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे वा ठेकेदारांकडे असतात, म्हणून आधी स्थानिकांकडे परवानगीची चौकशी करावी. चिलापीसारखा मासा खाण्यासाठी आणायचाच असेल, तर त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावे. औषधे आणि डबा यांच्या शेजारी तो नको.

हाताला सापडेल असे

सांध्यांच्या आमवातामुळे किंवा वयपरत्वे बोटे ताठलेली असतील, तर बारीक चेन ओढणे कठीण जाते. प्रत्येक चेनीला जाड दोरीची गाठ बांधून घ्यावी. विकत घेण्यापूर्वी दुकानातच सॅक दोनदा घालून-काढून, बंद-उघडून पाहावी. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याची तक्रार बरीच आढळते. अशांनी पट्टा सैल करून दुखरा हात आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. सॅक जमिनीवरून हिसका देऊन पाठीवर कधीच घेऊ नये. कमरेएवढ्या उंचीच्या खडकावर ती टेकवावी आणि पाठ वळवून पट्ट्यांत हात घालावेत. छातीत पेसमेकर असल्यास त्या बाजूचा पट्टा जागेवर घासत नाही ना, हे आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

सॅक न उतरवता हात पोहोचेल अशा कमरपट्ट्याच्या किंवा सदऱ्याच्या खिशात तीन गोष्टी असाव्यात: साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, डॉक्टरांनी जिभेखाली धरण्यासाठी दिलेली गोळी आणि मोबाईल. मधुमेहाची औषधे घेऊन सकाळी निघालेल्या माणसाची साखर चालताना अचानक उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरू लागले की सॅक उतरवून तळ धुंडाळायला वेळ नसतो. इन्सुलिन सोबत असेल, तर ते उन्हात तापलेल्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये.

गळ मात्र नेहमी झाकणाच्या पत्र्याच्या डबीतच असावेत. सॅकच्या तळाशी सुटा पडलेला गळ बोटात रुतला, तर रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचे रक्त लवकर थांबत नाही. मधुमेही व्यक्तीची जखम चिघळते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, दाबून धरून कोरडी पट्टी बांधावी, पुन्हा नदीच्या पाण्यात बुडवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला दहा वर्षे उलटली असतील, तर ते आधीच घेऊन ठेवावे.

पाण्याशी मर्यादा

मावळातल्या नद्या शांत दिसतात, पण त्यांवर धरणे आहेत. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच खाली रावेतपर्यंत येते, त्यामुळे पाऊस नसतानाही पात्रातली पातळी वाढू शकते. पावसाळ्यात तर काठाशी जाण्याचे धाडस करूच नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. त्यातच हे महिने माशांच्या विणीचे. तेव्हा गळ घरीच बरा.

हिवाळ्यातही घोट्याच्या वर पाणी असेल, तर ओलांडू नये. उथळ ओढा ओलांडण्यापूर्वी सॅकचे छातीचे व कमरेचे पट्टे सोडून ठेवावेत. पाय घसरलाच, तर सॅक खांद्यांवरून झटकून टाकता आली पाहिजे. भिजलेली सॅक माणसाला खाली ओढते. सॅकचा रंग नारिंगी वा पिवळा असावा, म्हणजे झुडपांआडूनही माणूस लांबून ओळखू येतो. आतल्या वस्तू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या, की सॅक भिजली तरी औषधे कोरडी राहतात.

घरच्यांसाठी

वयस्कर माणसाने एकट्याने नदीवर जाऊ नये, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. सोबतीला कोणी असणे केव्हाही चांगलेच. परंतु काळजीपोटी बाहेर पडणेच बंद केले, तर पायांतले बळ ओसरते, भूक मंदावते, मन खचते. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून सॅक भरावी. कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे, हे दोघांनाही ठाऊक असावे. वरच्या कप्प्यात एक कार्ड ठेवावे. त्यावर नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत. कोणत्या स्थानकावर उतरणार, कोणत्या डोहापर्यंत जाणार आणि कोणत्या लोकलने परतणार, हे घरी सांगून निघावे, कारण डोंगराआड मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक पाठ असावा.

मळवली ते कामशेत हे अंतर लोहमार्गाने सुमारे आठ किलोमीटर आहे. ते सारे चालायलाच हवे असे नाही. पहिल्या दिवशी एक डोह आणि परतीची लोकल, एवढे पुरे. घरी आल्यावर सॅक रिकामी करून उन्हात उलटी टांगावी आणि जे सामान दिवसभरात एकदाही हाती लागले नाही, ते पुढच्या खेपेला बाहेर ठेवावे. पाणी, औषधे, मलमपट्टी आणि ते कार्ड मात्र वापरले गेले नाही म्हणून कधीही काढू नये.