कॅसेट उलटायची वेळ

घरातल्या लोखंडी कपाटात, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चार कॅसेटी आहेत. प्रत्येकीवर आबांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलंय, 'काकडा, कार्तिक 1986'. खाली बाजू पहिली, बाजू दुसरी. शाई आता फिकट झाली आहे, पण आबांचा 'क' अजून तसाच ताठ उभा आहे.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे विठ्ठलमंदिरात काकडा होतो. भूपाळ्या, मग काकड्याचे अभंग, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, शेवटी आरती. आबा विणेकरी होते. काकडा किती वेळ चालायचा, हे घड्याळावर नसायचं, उजाडण्यावर असायचं. थंडी जास्त असली, ढग असले, तर एखादा अभंग दुसऱ्या चालीत पुन्हा घ्यायचा. एखाद्या दिवशी मृदंग रंगात आला की एकच चरण दहा-दहा वेळा घोळवायचा. पूर्वेकडच्या दारातून देवाच्या पायावर उजेड आला की आरती.

त्या वर्षी मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या काकांनी मनीष मार्केटमधून टेपरेकॉर्डर आणला. मंदिराच्या लाकडी खांबाला खिळा ठोकून तो टांगला. कॅसेट साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. ती उलटायचं काम माझ्याकडे आलं. मी अकरा वर्षांचा होतो आणि खांबाशी घोंगडी पांघरून बसायचो.

पहिल्या दिवशी 'टक्' असा आवाज होऊन बटण वर आलं, तेव्हा मंडळी गौळणीच्या ऐन भरात होती. थंडीने बोटं वाकत नव्हती. झाकण उघडून, कॅसेट फिरवून, दोन बटणं एकदम दाबेपर्यंत एक चरण निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की आबा अधूनमधून खांबाकडे बघताहेत. डावीकडचं चाक भरत आलं, उजवीकडचं रिकामं व्हायला लागलं की ते मृदंगवाल्याला नजरेने खूण करत, अभंग आवरता घेत आणि टाळ थांबत. मी कॅसेट उलटली की पुढचा अभंग. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात उजाडण्याकडे बघून गाणारी माणसं चाकाकडे बघून गायला लागली. महिना संपला, काकांनी टेपरेकॉर्डर मुंबईला परत नेला. पण त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमचा काकडा अर्ध्या तासाला एकदा आपोआप थांबायचा.

या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. कळला पुढे, जेव्हा ध्वनिमुद्रणाचा इतिहास वाचायला लागलो. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावायची. तासभर चालणारी चीज तीन मिनिटांत बसवायची होती. गाणं संपल्यावर गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तबकड्या तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. गाणारीने आपल्याच गाण्याच्या शेवटी परक्या कारखान्यासाठी परक्या भाषेत नाव सांगायचं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे 1908 च्या सुमारास कलकत्त्यातच कारखाना निघाला, तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या, पण तीन मिनिटं तशीच राहिली. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. मैफलीत समोर बसून त्यांना ऐकलेलं आता क्वचितच कुणी उरलं असेल. आपल्याला जे खाँसाहेब माहीत आहेत ते मुख्यतः त्या तीन-तीन मिनिटांचे. त्यांची भैरवीतली ठुमरी इतकी पुरी वाटते, की तीन मिनिटं ही तबकडीची मर्यादा होती हे ऐकताना विसरायलाच होतं. हिंदी-मराठी चित्रपटांतलं गाणंही याच मापात वाढलं. तबकडीचं माप गेलं तरी आपल्या कानाचं माप तेच राहिलं.

यंत्राच्या जोडीला सत्ताही असते. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती. तिच्या पट्ट्यांतून श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, ती परदेशी, असं म्हणणाऱ्यांचं सरकारदरबारी चाललं. ज्या पेटीवर गावोगावची भजनी मंडळं उभी होती, ती तीस वर्षं रेडिओत वाजली नाही. त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 1955 च्या 1 एप्रिलला गीतरामायण सुरू केलं आणि आठवड्याला एक गीत असं वर्षाहून थोडा जास्त काळ, छप्पन्न गीतं ऐकवली. तिकडे कुणाला जाहिरात विकायची नव्हती. त्यामुळे आकाशवाणीबद्दल मला एका वाक्यात बोलता येत नाही.

कॅसेटबद्दल मात्र येतं. कॅसेटने गाणं आमच्या हातात दिलं.

सत्तरच्या दशकापर्यंत या देशात ध्वनिमुद्रिकांचा बाजार जवळजवळ एकाच कंपनीच्या मुठीत होता. कोण गाणार, काय गाणार, हे त्यांच्या स्टुडिओत ठरायचं. तबकडी काढायला कारखाना लागतो. कॅसेटला लागत नाही. दोन यंत्रं आणि एक वायर असली की एकीची दुसरी होते. 1983 साली गुलशन कुमार यांची टी-सीरिज ही कॅसेट कंपनी सुरू झाली. मूळ हक्कदाराला सूचना आणि ठरलेलं मानधन देऊन जुनं गाणं नव्या आवाजात काढायला कायद्यात वाट होती, तिचा गुलशन कुमार यांनी पुरेपूर वापर केला. कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात लटकायला लागली. मोठ्या कंपनीची मूठ सुटली.

आणि मूठ सुटल्याबरोबर जे आवाज बाहेर आले ते बघा. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. भीमगीतांना स्टुडिओची दारं कधी सताड उघडी नव्हती. कॅसेट आल्यावर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि भीमगीतांतून एकाच ताकदीने घराघरांत शिरला. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं तर लग्नाच्या प्रत्येक मांडवात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी माणसं शिवाजी पार्कातून पुस्तकांबरोबर कॅसेटी घेऊन यायची. आमच्या गावातही वेशीच्या आतला लाउडस्पीकर आणि वस्तीतला लाउडस्पीकर पहिल्यांदा सारख्याच जोराने वाजायला लागले. ही लहान गोष्ट नव्हती. ज्यांच्या गाण्याला गावात मोकळी जागा नव्हती, त्यांच्या गाण्याला हवेत जागा मिळाली.

पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या कॅसेटींवर 1993 साली एक पुस्तक लिहिलं, 'कॅसेट कल्चर'. गाणं थोड्या लोकांच्या हातातून सुटून अनेकांच्या हातात गेलं, हे त्याने दाखवलं. अयोध्येच्या वादात द्वेषाची भाषणंही याच कॅसेटींवरून फिरली, हेही त्यात आहे. ते मी नाकारत नाही. पण एवढं खरं की कॅसेट कोण भरतं हे आपल्याला दिसत होतं. त्या माणसाचं तोंड आपल्या ओळखीचं असायचं.

त्यानंतरचं लवकर सांगतो. सीडी आली आणि गेली. मग तालुक्याच्या स्टँडसमोर मोबाइलची दुकानं निघाली, 'येथे डाउनलोडिंग करून मिळेल' अशा पाट्यांची. दोन जीबीचं मेमरी कार्ड वीस-तीस रुपयांत भरून मिळायचं. आमच्या ओळखीच्या पोराच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात फोल्डर होते. काकडा, कीर्तन, भारूड, भीमगीतं, लग्नाची गाणी, नवीन हिंदी. कुणाला काय आवडतं हे त्याला पाठ होतं. आमच्या आबांना बघितलं की तो न विचारता जुन्या कीर्तनकारांचा फोल्डर उघडायचा. 2016 च्या 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत इंटरनेट फुकट मिळालं. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे. त्या सात महिन्यांत त्याचं दुकान बसलं. अनेक मोबाइल कंपन्याही बसल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. आज बीएसएनएल सोडली तर तीन उरल्या आहेत. फुकटात सगळ्यांचं भलं झालं, असं तेव्हा मलाही वाटत होतं. माझी बहीण शेतातून व्हिडिओ कॉल करायला लागली, ते सुख खरंच होतं. पण आबांना काय ऐकवायचं हे ठरवणारा पोरगा गेला आणि त्याच्या जागी जो आला त्याचं तोंड दिसत नाही.

आबा गेले 2019 साली. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी त्या चार कॅसेटी सोलापूरला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका व्हिडिओच्या साइटवर चढवल्या. पुण्या-मुंबईतल्या, दुबईतल्या गावकऱ्यांना ऐकता यावं म्हणून. चित्र म्हणून मंदिराचा फोटो ठेवला. रात्री चढवलं आणि सकाळी निरोप आला: या ध्वनिमुद्रणातल्या अकराव्या मिनिटापासून चौदाव्या मिनिटापर्यंतच्या भागावर अमुक कंपनीचा हक्क आहे. तो भाग मुका करण्यात आला होता.

ती कंपनी कॅसेटच्या काळात नव्हतीच. तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. अभंग तुकोबांचा. चाल आमच्या मंडळाला आबांच्या गुरूंनी दिलेली, त्यांना त्यांच्या गुरूंनी. कुणा गायकाने तीच पारंपरिक चाल गायली, ते मुद्रण त्या कंपनीने काढलं, आणि यंत्राने दोन्ही जुळवून पाहिलं. अशा साइटींवर दर मिनिटाला शेकडो तासांचं ध्वनिचित्र येऊन पडतं, माणूस ते ऐकू शकत नाही, म्हणून प्रत्येक मालकीच्या गाण्याचा ठसा यंत्रात ठेवलेला असतो. नवं काही आलं की ठशाशी ताडून बघायचं. ठसा ठेवायची सोय ज्यांच्याकडे हक्कांचा मोठा साठा आहे त्यांना. विठ्ठल भजनी मंडळाचा ठसा त्यात नाही, म्हणून 1986 सालचा आवाज पुढच्या काळातल्या मुद्रणाची नक्कल ठरला.

मी हरकत घेतली. फॉर्ममध्ये विचारलं होतं, हे वापरायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो. आमच्याकडे अभंग गायला परवानगी लागत नाही, येत असेल तर टाळ घ्यायचा आणि उभं राहायचं. शेवटी तसंच लिहिलं. हरकत तपासणार कोण, तर ज्यांनी दावा लावला तेच. महिन्याभराने उत्तर आलं: दावा कायम. पुढे अपील केलं आणि फेटाळलं गेलं तर खात्यावर कारवाई होऊ शकते, अशी ओळ होती. मी अपील केलं नाही. त्याची टोचणी आजही आहे. आबांनी केलं असतं.

आता रील्स आल्या आहेत. आमच्या मंडळातली तरुण पोरं पखवाज सुंदर वाजवतात, मनापासून वाजवतात. पण मागच्या कार्तिकात एकाने मला विचारलं, "सर, उठान पहिल्याच सेकंदाला टाकू का? नाहीतर लोक बोटाने सरकवतात." गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या ॲपवर तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं मोजतात आणि त्याचेच पैसे मिळतात. म्हणून नव्या गाण्यांत सुरुवातीचं संगीत आखडत चाललं आहे. मला खांबाकडे बघणारे आबा आठवले. फरक इतकाच की खांबावरचं यंत्र आमच्या काकांचं होतं आणि महिन्याने गावाबाहेर गेलं. मी त्या पोराला म्हटलं, "तू आधी डोळे मिटून दोन आवर्तनं नुसता ठेका धर. मग उठान." त्याने धरला. रील मात्र त्याने त्याच्याच पद्धतीने केली, आणि मी त्याला दोष देत नाही, त्याला त्यातूनच कार्यक्रम मिळतात.

आईच्या खोलीत अजून काकांचाच जुना टेपरेकॉर्डर आहे, ते गेल्यावर काकूंनी पाठवलेला. कार्तिकात पहाटे ती उठते, चूल नाही आता, गॅसवर चहा ठेवते आणि पहिली कॅसेट लावायला मला हाक मारते. आबांचा आवाज, मागे मृदंग, कुणाचा तरी खोकला, विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज. अकरावं मिनिट येतं, तिथे काहीही मुकं नाही. तीस मिनिटांनी 'टक्' होतं. मी कॅसेट उलटतो. गौळणीचा तो चरण, जो माझ्या गारठलेल्या बोटांमुळे त्या पहाटे निसटला, तो कॅसेटवर नाही. आई चहा गाळता गाळता तो हळू आवाजात म्हणते, बरोब्बर त्याच चालीत, आणि तिचा शेवटचा शब्द संपता संपता दुसऱ्या बाजूवरून मंडळी पुढचा चरण उचलतात.