अस्तराचा वास

रंगाचे कौतुक करणारे शेकड्यांनी भेटतात. रंगाखालच्या अस्तराची विचारपूस करणारा विरळाच. परंतु लहान प्रतिकृती घडवण्याचा छंद ज्यांनी जोपासला आहे, त्यांस ठाऊक असते की, रंग टिकतो तो अस्तराच्या पुण्याईवर. आम्ही सध्या मंगेशीच्या सातमजली दीपस्तंभाची प्रतिकृती करीत आहोत. तिचे मजले पॉलिस्टायरीनच्या पातळ पत्र्याचे, कोनाडे रेझिनचे आणि इवल्या पणत्या पितळेच्या. तीन द्रव्ये, तीन स्वभाव! करड्या अस्तराचा एक हात फिरला की त्यांच्यातील भेद मावळतो, सांध्यांतील फटी आणि कानशीचे ओरखडे नजरेस येतात, आणि रंगाला धरून राहण्यास जागा मिळते.

अडचण आहे ती वासाची. आमचे घर जुन्या वळणाचे. खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या. कामाच्या मेजापलीकडे देवघर आणि त्याला लागून आत्याबाईंची खोली. आत्याबाईंना दम्याचा विकार. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या की, घरातील हवा सर्वांची एकच होते. तेव्हा कोणते अस्तर निवडावे, हा आमच्यापुरता निव्वळ हौसेचा प्रश्न नव्हे.

लॅकर जातीचे अस्तर कामाला उत्तम, हे मान्य केलेच पाहिजे. त्यातील द्रावके प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करतात, म्हणून थर घट्ट बिलगतो. तो मिनिटांत वाळतो आणि काचकागदाने सुरेख घासता येतो. जपानी ‘मिस्टर सरफेसर’च्या बाटल्यांवरील ५००, १०००, १५०० हे आकडे जसजसे चढतात, तसतसा थर तलम होत जातो. पण झाकण उघडताच जो उग्र दर्प सुटतो, त्यापुढे देवघरातील उदबत्तीही हार खाते.

उलट, पाण्याने पातळ होणाऱ्या ॲक्रिलिक अस्तरांना वास बेताचाच. स्पेनमधील ‘वायेहो’चे ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन अस्तर याच कुळातले. मात्र ते प्लास्टिकमध्ये मुरत नाही, वर बसून राहते. म्हणून त्याचे मन राखावे लागते. भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन साच्याचे तेल व बोटांचा ओशटपणा काढावा, एका जाड थराऐवजी तीन-चार विरळ थर द्यावेत आणि निदान एक दिवस त्यांस हात लावू नये. श्रावणातील दमट हवेत तर दोन दिवसही थांबावे. घाईने काचकागद फिरवला, तर थर रबरासारखा ताणला जाऊन सालपटाप्रमाणे सुटतो. धातूवर त्याची पकड तशी कमीच. म्हणून आम्ही विभागणी केली आहे: मजले व कोनाडे यांना घरात पाण्याचे अस्तर, पितळी पणत्या तेवढ्या डबीत साठवून ठेवायच्या आणि पाऊस उघडला की मागील अंगणात त्यांना लॅकर द्यायचे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कमी वास म्हणजे कमी अपाय, असे समजून निश्चिंत होणे बरे नव्हे. नाक हा देहाच्या वेशीवरचा राखणदार खरा. परंतु एकच वास काही वेळ येत राहिला की तोही पेंगतो. पेट्रोलियमपासून काढलेल्या ‘बिनवासाच्या’ पातळकात दर्प देणारा सुगंधी वर्गातील अंश तेवढा काढून टाकलेला असतो. बाष्प उडतच असते. पाण्याचे अस्तरही फवाऱ्याने उडवले, तर त्याचे सूक्ष्म कण छातीत उतरतात. रुमाल त्यांना अडवू शकत नाही. कणांसाठी योग्य गाळणीचा मुखवटा हवा, बाष्पासाठी सक्रिय कोळशाची गाळणी हवी, आणि खिडकीपाशी हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. किमतीच्या आधी बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत, ती याचसाठी.

अस्तर ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफांच्या पानांना चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे अस्तर देत आले आहेत. चूल आणि कुंचला शेजारी नांदू शकतील, असे ते द्रव्य! प्लास्टिकवर ते चालणार नाही, हे उघडच आहे. परंतु देवालयाची प्रतिकृती घडवताना घरातील वडीलधाऱ्यांचा श्वास अडखळावा, हे कोणत्याही दैवतास रुचेल, असे आम्हांस वाटत नाही. दीपस्तंभ एक महिना उशिरा उभा राहिला तरी चालेल; कौशल्याइतकाच धीर हाही या कलेचा भाग आहे.