मैलांची पुंजी

खानदेशांतील माणसास काटकसर शिकवावयास जाणें म्हणजे तापीकांठच्या कोळ्यास पोहणें शिकवावयास जाण्यासारखें आहे. काळ्या कसदार जमिनीचा आणि लहरी पावसाचा हा मुलूख. येथें पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं चांगल्या सालीं उरलेला पैसा वाईट सालासाठीं बाजूस ठेविला, आणि तो बहुधा सोन्याच्या रूपानें ठेविला. जळगांवच्या सराफ बाजाराची कीर्ति वाढली ती त्यांतूनच. अशा या मुलखांतील सुशिक्षित घरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एका नव्या जातीची पुंजी साठूं लागली आहे. ती तिजोरींत ठेवतां येत नाहीं, तराजूंत घालतां येत नाहीं, आणि घरच्या कर्त्या पुरुषास तिचा आंकडा विचारला तर तो मुलाकडे बोट दाखवितो. विमानकंपन्या आपल्या नित्याच्या उतारूंस ‘माइल्स’ म्हणून जें बक्षीस देतात, त्याची ही पुंजी. आम्ही तिला मैलच म्हणूं.

कमावणारा बहुतेक वेळां दूर असतो. मुलगा पुण्यास किंवा बंगळूरास, मुलगी दुबईस किंवा न्यू जर्सींत. कचेरीच्या कामानें दर आठवड्यास विमानांत बसणें हा त्यांचा नित्यक्रम. आईबाप जळगांवांत किंवा धुळ्याच्या देवपुरांत. मैल वाढत जातात, आणि घरांत कधीं विषय निघाला कीं एकच उत्तर ऐकूं येतें: “राहूं द्या, वाढतील.” आमचें भांडण आहे तें या उत्तराशीं.

प्रथम एक विसंगति सांगितली पाहिजे. जळगांवास विमानतळ आहे. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखालीं एअर डेक्कनचें एकोणीस आसनांचें विमान मुंबईहून तेथें आलें; पण ती सेवा टिकली नाहीं. २०१९ त ट्रूजेट आली, तीहि गेली. २०२४ त फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांचीं पंख्यांचीं एटीआर विमानें येऊं लागलीं, तेव्हां कोठें गांवानें सुटकेचा निःश्वास टाकला. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धांवपट्टीवर शिकाऊ वैमानिक गिरट्या घालतात. तिकीट काढून बसावें असें विमान तेथून सुटत नाहीं. ज्या मोठ्या कंपन्यांच्या खात्यांत आमच्या मुलांचे मैल पडून आहेत, त्यांचीं विमानें बहुधा आमच्या डोक्यावरूनच जातात. तीं पकडावयास मुंबई गांठावी लागते: जळगांवाहून रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर, धुळ्याहून रात्रीच्या बसनें. फुकटच्या तिकिटाचा हिशेब मांडतांना हा खर्च पहिल्या ओळींत लिहावा.

मैलांची कल्पना अमेरिकेंतील. टेक्सस इंटरनॅशनल या कंपनीनें १९७९ त ती चालू केली, आणि १ मे १९८१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें तिला व्यवस्थित रूप दिलें. आरंभीं मैल म्हणजे खरोखरच मैल होता. जितका प्रवास, तितके मैल. पुढें कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं लांबच्या स्वस्त तिकिटावर जाणाऱ्या उतारूपेक्षां जवळच्या महाग तिकिटावर जाणारा उतारू आपल्याला अधिक मोलाचा आहे. २०१५ व २०१६ या दोन वर्षांत अमेरिकेंतील तीन मोठ्या कंपन्या तिकिटाच्या पैशांवर मैल मोजूं लागल्या. एअर इंडियानें २०२४ त तीच वाट धरली. शिवाय कंपन्या हे मैल बँकांस घाऊक विकतात आणि बँका क्रेडिट कार्डाच्या वाटेनें ते आपल्या पदरांत टाकतात. (ज्यास कार्डाचें बिल दरमहा पुरें फेडतां येत नाहीं, त्यानें या वाटेस जाऊंच नये. तेथील व्याज सालीना शेंकडा ३६ च्या वरहि जातें, आणि तें भरून निघेल असा मैल अजून कोणत्याहि कंपनीनें काढलेला नाहीं.) तेव्हां आजचा मैल हें अंतर नव्हे, तें नाणें आहे. टांकसाळ मात्र कंपनीची, आणि त्या नाण्याचा भाव ठरविण्याचा हक्कहि तिचाच.

येथेंच आमच्या लोकांची गफलत होते. ते मैलांस सोन्याप्रमाणें वागवितात. आजीची पाटली चाळीस वर्षें पेटींत पडून राहिली तरी तिचें वजन गुंजभरहि घटत नाहीं. तिला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाहीं. मैलाची जात निराळी. जळगांवच्याच भाषेंत सांगावयाचें तर तो सोनें नव्हे, केळें आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घड झाडावरून उतरला कीं त्याचे दिवस मोजावयाचे असतात. भाव वाढेल म्हणून तो कोठींत ठेवणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. मैलांचेंहि तसेंच. कित्येक योजनांत ठराविक काळ खात्यांत हालचाल झाली नाहीं कीं मैल बाद होतात. तें टळलें तरी तिकिटास लागणाऱ्या मैलांचें कोष्टक कंपनी वाटेल तेव्हां बदलते. काल पन्नास हजारांस मिळणारी जागा उद्यां सत्तर हजारांस मिळते. खात्यावरचा आंकडा तोच राहतो, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आणि कंपनीच नाहींशी झाली तर? १७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं जेट एअरवेजचें शेवटचें विमान उतरलें. तिची मैलांची योजना निराळ्या संस्थेकडे होती, म्हणून मैल जागच्या जागीं मेले नाहींत. त्याच वर्षीं ‘इंटरमाइल्स’ असें नवें नांव धारण करून ते मागें राहिले. पण ज्या विमानांत बसण्याच्या आशेनें ते साठविले होते, तीं विमानेंच उरलीं नाहींत. यजमान गेला आणि त्याच्या घरच्या जेवणाचें निमंत्रण खिशांत राहिलें, असा तो प्रकार झाला. विस्ताराच्या उतारूंचें दैव बरें. १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं ती कंपनी एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां त्यांचीं खातीं तिकडे वर्ग झालीं.

आतां हिशेब. मैलाचा भाव काढण्याची रीत किराणा दुकानांतल्या हिशेबाहून अवघड नाहीं. तेंच तिकीट रोखीनें काढलें असतें तर काय पडलें असतें, त्यांतून मैलांच्या तिकिटावरहि भरावे लागणारे कर व आकार वजा करावे, आणि बाकीस मैलांच्या संख्येनें भागावें. समजा, मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याचें साधें तिकीट ६०,००० रुपयांस आहे. मैलांनीं घेतल्यास ५०,००० मैल आणि वर १०,००० रुपये कर. म्हणजे मैल पडला एक रुपयास. आतां त्याच कंपनीच्या वस्तूंच्या यादींत पाहावें. बाजारांत ५,००० रुपयांस मिळणारा मिक्सर तेथें २०,००० मैलांस असेल, तर मैल विकला चार आण्यांस. असले मिक्सर खानदेशांतील कित्येक स्वयंपाकघरांत फिरत आहेत, आणि ‘फुकट मिळाला’ म्हणून पाहुण्यांस दाखविले जात आहेत. त्यांत वाटलेल्या चटणीची चव न्यारी लागत असल्यास न कळे.

वरच्या वर्गाच्या तिकिटाचा हिशेब जरा फसवा आहे. समजा, त्याची रोख किंमत २,५०,००० रुपये, आणि मैलांनीं १,१०,००० मैल व १५,००० रुपये. भागाकार केला तर मैलास दोन रुपयांहून अधिक भाव येतो, आणि या विषयांतील जाणते तेवढ्यावर खूष होतात. पण आम्ही विचारतों, हे अडीच लाख आपण कधीं काळीं खिशांतून दिले असते काय? त्या आसनासाठीं आपण फार तर एक लाख मोजले असते असें धरलें, तर आपल्या घरापुरता मैलाचा भाव सत्याहत्तर पैसे होतो; साध्या तिकिटाच्या रुपयाहूनहि कमी. मात्र हा ‘फार तर’चा आंकडा सर्वांचा सारखा नसतो. पंचविशींतल्या मुलास सोळा तास बसून जाणें कठीण नाहीं. ज्या माउलीचे गुडघे धरले आहेत, तिला पाय पसरून निजावयास मिळणें याची किंमत भागाकारानें निघत नाहीं. ती तिच्या गुडघ्यांस विचारावी.

या हिशेबांत कोणी किती दूर जाऊं शकतो याचें उदाहरण म्हणून डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन एंजिनिअराची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९९ त एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनें वेष्टनांवरील पट्ट्या पाठविणारांस मैल देऊं केले. या गृहस्थानें स्वस्तांत स्वस्त माल शोधून पुडिंगचे १२,१५० डबे सुमारें ३,१४० डॉलरांस घेतले, पट्ट्या सोलून देण्याच्या बोलीवर बरेंचसें पुडिंग एका धर्मादाय संस्थेस देऊन टाकलें, आणि साडेबारा लाख मैल पदरांत पाडून घेतले. आम्हांस त्याचें कौतुक वाटतें. अनुकरण मात्र करवणार नाहीं, कारण आमच्या घरीं इतकें पुडिंग ठेवावयास जागा नाहीं.

कचेरीच्या पैशानें केलेल्या प्रवासाचे मैल कोणाचे, असाहि प्रश्न आमच्या मागील पिढीस पडतो, आणि तो वावगा नाहीं. जर्मनींत २००२ सालीं सरकारी प्रवासाचे मैल खासगी कामास वापरल्यावरून बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गिझी यांस पद सोडावें लागलें. खासगी कंपन्या बहुधा ते नोकरास ठेवूं देतात. तरी नेमणुकीचे नियम एकदां वाचलेले बरे.

मैलांस खरा भाव केव्हां येतो तें जाणणारे दोन वेळा सांगतात. एक, प्रवासाच्या सुमारें अकरा महिने आधीं, जेव्हां कंपनी मैलांवर देण्याच्या थोड्याशा जागा खुल्या करते. दुसरी, अगदीं आयत्या वेळीं, जेव्हां न विकलेल्या जागा ती मोकळ्या सोडते. पहिल्या वेळेचा आमच्याकडील आयांस उपयोग कमी. त्या परदेशीं जातात त्या बहुधा लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठीं. आणि तिकीट अकरा महिने आधीं काढावें म्हटलें, तरी बाळ नऊ महिन्यांहून अधिक सूचना देत नाहीं. मात्र मैलांचें तिकीट पुष्कळ योजनांत थोड्याशा दंडावर रद्द करतां येतें आणि मैल परत खात्यांत पडतात, म्हणून अंदाजानें आधीं काढून ठेवण्यांत धोका लहान असतो. दुसरीहि एक सोय आहे. मोठ्या कंपन्यांचे संघ असतात. एअर इंडिया २०१४ त ‘स्टार अलायन्स’ या संघांत गेली, तेव्हांपासून एकीचे मैल दुसरीच्या विमानांत चालूं शकतात. एका विमानांत जागा नसेल तर फ्रँकफुर्टच्या किंवा सिंगापूरच्या वाटेनें पाहावें.

धुळ्याच्या देवपुरांत आमच्या परिचयाचें एक जोडपें आहे. नाना शाळेंतून निवृत्त झालेले, मुलगा अमेरिकेंत. मुलानें चार वर्षें मैल साठविले, ते आईबापांनीं एकदां तरी निजून यावें म्हणून. दोघांपुरते मैल जवळ जवळ जमले होते, तोंच कंपनीनें कोष्टक बदललें. “आणखी एक वर्ष थांबूं,” असें मुलगा म्हणाला. नानांनींहि मान डोलाविली, कारण थांबणें हा त्यांचा स्वभावच. तें वर्ष संपावयाच्या आंत नानांच्या हृदयाचें दुखणें निघालें आणि डॉक्टरांनीं लांबचा प्रवास बंद केला. सुनेच्या बाळंतपणास आई एकट्याच गेल्या. त्यांच्यापुरते वरच्या वर्गाचे मैल होते. त्या निजून गेल्या. परत आल्यावर नानांनीं विचारलें, “झोंप लागली कां?” त्या म्हणाल्या, “कसली झोंप! तुमच्या औषधाच्या वेळा मोजीत होतें.”

पुढल्या श्रावणांत नानांस नाशिकच्या रुग्णालयांत न्यावें लागलें. फोन गेला तेव्हां अमेरिकेंत मध्यरात्र होती. दुसऱ्या दिवशींच्या विमानाचीं तिघांचीं रोख तिकिटें ऐकून सूनबाई गप्प झाली. मुलानें मैलांचें खातें उघडलें. सरळ विमानांत जागा नव्हती. फ्रँकफुर्टवरून होत्या, आणि त्या त्याच जुन्या कोष्टकाच्या भावानें. (सर्वच कंपन्यांत असें घडत नाहीं, जेथें रोख भावाबरोबर मैलहि चढतात तेथें ही सोय उरत नाहीं.) उरलेले बहुतेक सारे मैल त्या एका रात्रींत संपले. तिसऱ्या दिवशीं पहांटे तिघें मुंबईस उतरलीं आणि दुपारच्या आंत नाशिकास पोंचलीं. नानांनीं नातवास प्रथमच पाहिलें. नातू त्या वेळीं सात महिन्यांचा होता. नाना बरे होऊन धुळ्यास परतले, आणि मुलगा आणखी दोन आठवडे राहिला. मुंबईपासून नाशिकापर्यंतची टॅक्सी मात्र रोख पैशांनींच करावी लागली.