बार तापतो तेव्हा

चेन-सॉचा बार तापून निळा पडला की गिऱ्हाईक ऑइलला शिव्या देतं. मी आधी भुसा बघतो. भुसा कुणी दुकानात घेऊन येत नाही, पण स्प्रॉकेटच्या कव्हरखाली पुरावा दडलेला असतोच. धार शाबूत असेल तर ढलप्या निघतात. पिठासारखा भुसा निघाला की समजायचं, दात कापत नाहीत, नुसते घासतायत. मग माणूस मशीनवर जोर देतो, चेन बारच्या कडांवर रगडली जाते, आणि तिथंच पोलाद निळं पडतं.

आमच्या परभणीकडं धार जायला निमित्त लागत नाही. आडवी पडलेली बाभूळ आरपार कापताना चेनचं टोक काळ्या मातीला नुसतं शिवलं तरी दात बसतात. बांधावरच्या झाडानं कुंपणाची जुनी तार पोटात घेतलेली असेल तर विचारूच नका.

ऑइलचा दोष नसतो असं नाही. बारच्या टाकीत जळकं ऑइल ओतायची खोड सगळीकडं आहे. चार पैसे वाचतात खरे, पण त्यातला लोखंडाचा कीस पंपाला खातो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑइल इंजिनापुरतं. बारची टाकी वेगळी. मशीन चालू करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरावं. तेलाची रेघ उमटली नाही, तर बारचं छिद्र आणि खाच भुशानं बुजलीय का ते बघावं. पंपाला हात त्यानंतर.

दाताला कानस लावणारे पुष्कळ, पण दातापुढच्या उंचवट्याकडं कुणी बघत नाही. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तेवढा नसेल तर धारदार दातही लाकडात शिरत नाही. जास्त घासला तर मशीन हिसके देतं. या दाताची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ साली ओंडका पोखरणाऱ्या अळीवरून सुचली. तिचे जबडे डावीउजवीकडं चालतात, तसेच चेनचे दात. आपण आंब्याला लागलेली भिरूड दिसली की तारेनं टोचून मारतो. त्यानं बसून बघितली!

काप एका अंगाला जात असेल तर एका बाजूचे दात जास्त घासले गेलेत किंवा बारची एक कड झिजलीय. बार सपाट फरशीवर उभा धरला की कललेला कळतो. कडेला फुटलेली पाती चपट्या कानशीनं काढायची आणि बार अधूनमधून उलटा बसवायचा. तापल्यावर चेन लोंबते, म्हणून कामात ताणली असेल तर थांबताना ढिली करून ठेवायची. गार होताना ती आखडते आणि ओढ थेट क्रँकशाफ्टवर येते.