तिसऱ्यांदा उचलता आली पाहिजे

आमच्या वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. नाव बदललं तरी वाटा त्याच आहेत. डांबर आहे तोवर कुठलीही गाडी चांगली वाटते. डांबर संपलं की गाडीही कळते अन् चालवणाराही कळतो. उन्हाळ्यात फुफाटा, आषाढात पोटरीभर चिखल, अन् मधल्या दिवसांत नुसते सुटे धोंडे. बैलगाडी जाते तिथं माणूस जातो, अन् माणूस जातो तिथं आताच्या पोरांना मोटरसायकल न्यायची असते.

मी दहावी झालो अन् शेतीला लागलो. १९८६ साली एक जुनी राजदूत घेतली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, किक मारायची, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचे अन् पहाटे डेअरी गाठायची. चौदा-पंधरा वर्षं हेच केलं. तेव्हा 'ऑफ-रोड' हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. रस्ताच नव्हता, तर रस्त्याबाहेर जायचं कुठं? पण त्या वाटेनं जे शिकवलं ते अंगात राहिलं, म्हणून पुतण्याच्या गाडीचा विषय निघाला तेव्हा घरच्यांनी माझ्याकडं बघितलं.

दर रविवारी पुण्याची पोरं पाबे घाट उतरून आमच्याकडं येतात. पुढं केळदला, मढे घाटाकडं जातात. अंगात जाड जाकिटं, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. येता-जाता आमच्या ओट्यावर चहा नाहीतर झुणका-भाकरी होते. पुतण्या वीस वर्षांचा. त्याला वाटा सगळ्या पाठ, पण बुडाखाली गाडी नाही. त्याच्या डोक्यात आलं, आपण गाडी घ्यावी, वाटेवर चालवायला शिकावं, अन् या लोकांना वाट दाखवून चार पैसे मिळवावेत. विचार काही वाईट नव्हता.

त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, पुण्याला मार्केटयार्डात हमाल आहे. सणावारालाच येतो. पैसे उभे केले पोराच्या आईनं. थोडे दुधाचे साठवलेले, थोडे बचत गटाचं कर्ज. ती मला म्हणाली, "दादा, गाडी कुठली ती तुमी बघा. पैसं गेलं तर परत मिळवू. पोराचा पाय मोडला तर भातलावणीला कुनाला हुबा करू?"

एवढ्या एका वाक्यात माझं काम तिनं सांगून टाकलं.

पुतण्याचं मन मात्र मोठ्या गाडीवर बसलेलं. चारशे-साडेचारशे सीसीची हिमालयन. गाडी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. लांबच्या प्रवासाला, सामान लादून डोंगर चढायला ती केलेली आहे. पण तिचं वजन दोनशे किलोच्या घरात, अन् आमचं पोरगं पाच फूट चार इंच. मी त्याला म्हटलं, "औत शिकायला पहिल्यांदा कुठला बैल देत्यात? बाजारातला सगळ्यात ताकदीचा खोंड, का दावणीचा शांत बैल?" तो म्हणाला, "तात्या, बैल येगळा, गाडी येगळी." मी गप्प बसलो. पोराला बोलून पटत नाही, बघून पटतं.

ते बघायची वेळ दसऱ्यानंतर आली. पाऊस नुकताच उघडलेला. एका पाहुण्याची तशीच जड गाडी ओढ्याच्या कडेला चिखलात आडवी झाली. त्याला काही लागलं नाही. पुतण्या धावत गेला, एकट्यानं जोर लावला. गाडी वीतभर उचलली, पाय घसरला, परत आडवी. शेवटी आम्ही तिघांनी मिळून उभी केली. घरी येताना पोरगं काही बोललं नाही. मीही बोललो नाही. रात्री जेवताना त्यानंच विचारलं, "मग कसली घ्यायची?"

मग मी त्याला माझ्या हिशेबानं एकेक सांगितलं. तेच इथं लिहितो, कुणाच्या पोराच्या कामाला यावं म्हणून.

पहिलं वजन. वाटेवर नवा माणूस पडणारच, त्यात लाज नाही. पण पडलेली गाडी रानात एकट्याला उचलता आली पाहिजे. अन् एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा कुणीपण उचलतो, अंगात जोश असतो. दुसऱ्यांदा दम लागतो. तिसऱ्यांदा उचलता आली तर ती गाडी तुझी. नव्याला दीडशे किलोच्या आसपासची पुष्कळ झाली.

दुसरं सीटची उंची. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर पाय टेकले म्हणून भुलायचं नाही. वाट कधी सपाट नसते, एका अंगाला जमीन चार बोटं खाली असतेच. नेमका त्याच अंगाला तोल जातो अन् पाय हवेत राहतो. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत असं नाही, पण दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले पाहिजेत. नाहीतर एक पाय पुरता टेकून गाडी सावरता आली पाहिजे. हीरोच्या एक्सपल्स २०० ची सीट साधारण ८२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबत्तीस इंच. कावासाकीची केएलएक्स २३० वजनाला हलकी, पण सीट ८८० मिलिमीटर. आमच्या पोराला ती म्हणजे शिडी लावून चढायची गाडी.

तिसरं, पोटाखालची जागा. एक्सपल्सला इंजिनाखाली २२० मिलिमीटर जागा आहे. आपल्या मापात जवळजवळ एक वीत. रोजच्या शंभर सीसीच्या गाडीला त्याहून दोन-अडीच बोटं कमी असते. बांध ओलांडताना त्या दोन बोटांवरच इंजिन धोंड्याला घासतं का नाही ते ठरतं. इंजिनाखाली लोखंडी पत्रा असावा, म्हणजे धोंडा बसला तरी ऑइल सांडत नाही.

चौथं, चाक. बैलगाडीचं चाक मोठं का असतं? लहान चाक धोंड्यापाशी अडतं, मोठं चाक त्यावर चढून जातं. तोच न्याय. पुढचं चाक २१ इंची असलं की गाडी खड्ड्यात पडत नाही, खड्डा ओलांडते. चाक तारांचं असावं. अॅलॉयचं चाक दगडावर आपटून तडकलं की संपलं. तारांचं वाकलं तर तारा आवळून सरळ करता येतं. ट्यूब असेल तर पंक्चर गावातला पोरगाही काढतो.

पाचवं, ताकद. इथंच पोरं फसतात. वाटेवर वेग लागत नाही, सावकाश ओढ लागते. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं गाडी चढावर गेली पाहिजे, गचके न देता अन् बंद न पडता. दोनशे सीसीचं अठरा-एकोणीस हॉर्सपॉवरचं इंजिन त्याला भरपूर आहे. ओढ कमी वाटली तर मागचं स्प्रॉकेट जास्त दातांचं टाकता येतं. वरचा वेग थोडा जातो, खालची ओढ वाढते. जास्त ताकद नव्या हाताला धोक्याची. सुट्या खडीवर मूठ जरा जास्त पिळली गेली की मागचं चाक बाजूला पळतं.

सहावं, दुरुस्ती. क्लचची तार रानात तुटणार, लिव्हर वाकणार. तो सुटा भाग नसरापूरला नाहीतर फार तर पुण्यात त्याच दिवशी मिळाला पाहिजे. महिनाभर वाट बघायला लावणारी गाडी गोठ्यातल्या भाकड जनावरासारखी. वैरण चालू, दूध नाही. अन् कागद. शर्यतीच्या काही गाड्यांना नंबरच मिळत नाही. त्या रस्त्यावर आणता येत नाहीत, टेम्पोत घालून न्याव्या लागतात. आपल्याला घरून निघून घरी येणारी गाडी पाहिजे.

हिशेब करत करत एक्सपल्सवर आलो. २०१९ साली ती बाजारात आली, त्याआधी २०११ ला त्याच कंपनीनं इम्पल्स नावाची दीडशे सीसीची काढली होती. नवी घेतली असती तर सगळे पैसे गाडीतच गेले असते. म्हणून जुनी शोधली. बघायला पुण्याला आम्ही दोघं गेलो, ओळखीचा मेस्त्री बरोबर घेतला. पुढच्या शॉकअपवरून ऑइल झिरपतं का ते बोट फिरवून बघितलं. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं, कुठं अडकतं का बघितलं. मागून एका रेषेत बसून दोन्ही चाकं सरळ आहेत का बघितलं. तारा पान्यानं एकेक वाजवल्या. बाजारात मडकं वाजवून घेतो तशीच. घट्ट तार खणखणीत बोलते, ढिली बद्द वाजते. तीन ढिल्या निघाल्या, तेवढे पैसे कमी करून घेतले. आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितला.

उरलेल्या पैशांत आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे जाड बूट, गुडघ्याची ढालं अन् हातमोजे घेतले. पुतण्या म्हणाला, "तात्या, त्यापेक्षा मोठा दिवा लावू." मी म्हटलं, "दिवा तुझ्या आईला नको, तुझा पाय पाहिजे."

भात काढून झालेल्या खाचरात पेंढा अंथरला अन् गाडी आडवी केली. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल एका अंगाला वळवलेलं. गाडीला पाठ लावून, कंबर न वाकवता, मांड्यांच्या जोरानं उचलायची. पोरानं तीनदा उचलली. तिसऱ्यांदा दम लागला, पण उचलली. त्याची आई बांधावर उभी राहून बघत होती.

मग महिनाभर फक्त खाचर अन् गाडीवाट. पावट्यांवर उभं राहून चालवायचं, गुडघे सैल ठेवायचे, नजर चाकापुढं नाही तर दहा हात लांब. खडीवर पुढचा ब्रेक दोन बोटांनी अलगद. या गाडीचं एबीएस पुढच्याच चाकाला आहे, मागचं चाक आपल्या पायानं सांभाळायचं. एकटं रानात जायचं नाही, अन् कुठल्या अंगाला चाललो ते घरी सांगून जायचं.

आणखी एक गोष्ट मी त्याच्याकडून वदवून घेतली. वाट कुणाची तरी असते. पेरलेल्या रानातून, देवराईतून, गडाच्या पायवाटेनं गाडी घालायची नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगी असल्याशिवाय नाही. गुरं समोर आली की इंजिन बंद करून उभं राहायचं. म्हणूनच सायलेन्सर कंपनीचाच ठेवला. मोठा आवाज करणारा टाकला की गाभण म्हैस बिथरते, अन् गुराख्याची शिवी आपल्या घराण्याला पडते.

आता दोन पावसाळे झाले. पोरगं किती वेळा पडलं ते त्यानं मोजलं नाही, मीही विचारलं नाही. एक लिव्हर वाकली, आरसा फुटला, कोपर खरचटलं. हाड शाबूत आहे. बचत गटाचे हप्ते वेळेवर जातात, त्यातला निम्मा पैसा रविवारच्या पाहुण्यांचा. परवा त्याच्याबरोबर आलेल्या पुण्याच्या एका नव्या मुलानं मला विचारलं, "काका, सुरुवातीला कुठली बाईक घेऊ?" मी काही बोलायच्या आत पुतण्याच म्हणाला, "आधी माझी आडवी करून तीनदा उचल. मग नाव सांगतो."