रात्रीची गाडी आणि दिवसाचे विमान

गेल्या मार्गशीर्षात जयसिंगपूरला भाच्याचे लग्न होते. आम्ही बदलापूरकर. निघायचे कसे, यावर घरात बरेच दिवस वाद चालला. चिरंजीव मोबाईलवर दर दाखवून म्हणाले, "बाबा, मुंबई ते कोल्हापूर विमानाने तासाभराचे अंतर. तिकीटही स्वस्त आहे. गाडीत रात्रभर कशाला हाल सोसायचे?" ऐंशीच्या घरातील आईने मात्र गाडीचाच आग्रह धरला. अखेर त्याने विमानाचे तिकीट काढले आणि आई, पत्नी व मी यांनी महालक्ष्मी एक्सप्रेसचे.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून आम्ही लोकलने कल्याण गाठले. नऊनंतर गाडी आली आणि आम्ही अंथरुणे पसरली. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडली गेली, तेव्हा जरा जाग आली. एरवी झोप शांत लागली. सकाळी मिरज मागे टाकून जयसिंगपूरला उतरलो, तो दाजी फलाटावर उभेच होते. स्नान उरकून आम्ही वेळेत मंडपात पोहोचलो.

चिरंजीव त्याच दिवशी पहाटे घरातून निघाले होते. आधी लोकल, मग टॅक्सी, उड्डाणापूर्वी सामान देण्याची घाई, पंधरा किलोंच्या मर्यादेत न बसणारी आहेराची पिशवी! पुढे उजळाईवाडीच्या विमानतळावरून पुन्हा मोटारीचा प्रवास. ते आले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. हसून म्हणाले, "बाबा, तुमची फक्त रात्र गेली, माझा अर्धा दिवस गेला."

येथेच थांबलो असतो, तर रेल्वेचा जयजयकार करून लेख संपवता आला असता. परंतु परतीचे आमचे तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षायादीतच राहिले. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. लग्नाची तिथी मात्र त्यानंतर ठरली होती. निरुपायाने आईला घेऊन विमानाने परतलो. विमानतळावर आईसाठी चाकांची खुर्ची आली. एका तरुणाने "आजी, सावकाश" म्हणत तिला थेट आसनापर्यंत नेले. घरी आल्यावर आई म्हणाली, "कल्याणच्या त्या गर्दीत मला असे कोणी नेले असते, तर मी कशाला दुसरीकडे पाहिले असते?"

आईचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मुंबई ते कोल्हापूर हे सुमारे सव्वापाचशे किलोमीटरचे अंतर गाडी अकरा तासांच्या आसपास घेते. वेगात ती विमानाला हरवू शकणार नाही. तशी गरजही नाही. प्रवासी झोपेत असताना ती अंतर कापते, सांगली, जयसिंगपूर, हातकणंगले अशा गावांच्या दारात उतरवते आणि शयनयान डब्यात चाळीस किलो सामान विनामूल्य नेऊ देते. हे बळ विमानापाशी नाही. उणीव आहे ती हमखास मिळणाऱ्या जागेची आणि वृद्धांना मिळणाऱ्या आपुलकीच्या हाताची.

आणखी एक उणीव आमच्या दारातली आहे. उल्हासनगरचा कापडव्यापारी असो, अंबरनाथच्या कारखान्यातील कामगार असो की आम्ही बदलापूरकर, दूरच्या गाडीसाठी सामानासह आधी कल्याण गाठावे लागते. ज्या रुळांवरून ती आमच्या घरासमोरून धडधडत जाते, त्याच रुळांवरून लोकल आणि मालगाड्याही धावतात. तेथे गाडी थांबवली तर मागची लोकल खोळंबते. कल्याण ते बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका मंजूर आहे. ती पूर्ण झाल्यावर थोडा अवकाश मिळेल. तेव्हा आमच्या स्थानकांना थांबा मिळावा, एवढेच मागणे.

पुढच्या वैशाखात भाचीचे लग्न आहे. तारीख ठरताच दाजींनी प्रथम मला कळवावे, असे मी त्यांना आताच सांगून ठेवले आहे. आईने पिशवी भरायला घेतली आहे. गाडीने जायचे, हे तिने गृहीतच धरले आहे.