मोरचूद आणि पांढरा साका

लोहाऱ्यात दहावीला विज्ञान शिकवत होतो, तेव्हा क्षारांच्या प्रयोगाआधी मी मुलांना एकच प्रश्न विचारायचो : होणारा क्षार पाण्यात विरघळेल की नाही? पुढची सगळी कृती या उत्तरावर ठरते.

विरघळणारा क्षार म्हणून मोरचूद घ्यायचो. विरल सल्फ्युरिक आम्ल कोमट करायचं आणि त्यात कॉपर ऑक्साइडची काळी पूड चिमटीचिमटीनं टाकत जायचं. ती विरघळेनाशी होऊन तळाशी दिसू लागली की थांबायचं.

“सर, उरेपर्यंत कशाला टाकायची?” हा प्रश्न दरवर्षी यायचा.

“पूड उरली तर गाळून काढता येते. आम्ल उरलं तर ते गाळताही येत नाही आणि पाण्यासारखं उडूनही जात नाही.”

गाळलेलं निळं द्रावण स्पिरिटच्या दिव्यावर आटवायचं, पण सगळं नाही. काचकांडीवरचा थेंब गार झाल्यावर त्यात खडे धरू लागले की दिवा विझवायचा. फार तापवलं तर स्फटिकातलं पाणीही निघून जातं आणि निळ्याची पांढरी भुकटी होते. हिवाळ्यात द्रावण रात्रभर सावकाश गार झालं की चांगले टपोरे खडे मिळायचे. घाईनं आटवणाऱ्या गटाच्या वाटीत बारीक कणीच असायची.

न विरघळणाऱ्या क्षाराला असली वाट पाहावी लागत नाही. बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सल्फेटचं द्रावण ओतलं की क्षणात दुधाळ होतं आणि बेरियम सल्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. मुलांना वाटायचं, झालं काम! खरं काम धुण्याचं. गाळणकागदावरच्या साक्यात मीठ अडकलेलं असतं. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून ते गढूळ होईनासं होईपर्यंत साका धुवायचा. इथे आमचं बोअरचं पाणी उपयोगाचं नव्हतं. त्यात क्लोराइड आधीच असल्यानं ते नुसतंच गढूळ व्हायचं. म्हणून बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणायचो.

विरघळण्याचं महत्त्व इथे आणखी ठसायचं. बेरियम क्लोराइड विषारी, पण पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला बेरियम सल्फेट पाजतात. ते विरघळत नाही, म्हणून अंगात न भिनता बाहेर पडतं.

एकदा द्राक्षबागायतदाराच्या घरातली मुलगी म्हणाली, “सर, आमचे अण्णा मोरचुदात चुना घालून फवारतात. नुसतं मोरचूद का नाही मारत?”

त्या तासाला बोर्डो मिश्रणच केलं. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. आम्ही तेच प्रमाण प्लॅस्टिकच्या मगात बसवलं. नुसत्या मोरचुदातलं विरघळलेलं तांबं पान जाळतं. चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात येतं, पानाला चिकटतं आणि पावसानं सहज धुऊन जात नाही. मग घासलेला विळा बुडवून पाहिला. पात्यावर तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी पडला होता. आणखी घातला, पातं स्वच्छ राहिलं.

“अण्णापण असंच बघतात,” ती म्हणाली. का बघतात, हे वर्गाला आता माहीत झालं होतं. पुढच्या वर्षीपासून हा प्रयोगही मी वहीत लिहून घेऊ लागलो.